गुण फार लवकर येतोय

ती फिर्याद मी अजून विसरलेलो नाही. आपल्याच औषधाचा गुण फार लवकर येतो, अशी तक्रार घेऊन ठाण्यात आलेला माणूस मी नोकरीत एकदाच पाहिला.

नव्या आर्थिक धोरणाचे दिवस होते. कोठी भागात रोज नव्या औषधांचे बोर्ड लागत होते. सकाळची हजेरी आटोपत असताना सुलतान बाजारातले एक वयोवृद्ध वैद्य माझ्यासमोर येऊन बसले. रक्तातली चरबी वाढलेल्यांसाठी ते गुग्गुळ, अर्जुनसाल आणि मेथीचा काढा देत. वर्षभरापूर्वी एका व्यापाऱ्याने भागीदारीत त्याच अर्काच्या कॅप्सूल काढल्या होत्या. बाटलीवर फोटो वैद्यांचा.

"साहेब, माझ्या औषधाला तीन-चार महिने लागतात. या कॅप्सूल घेणारे लोक म्हणतात, आठ दिवसांत साखरसुद्धा उतरली. काल त्यातल्याच एक शिक्षिका बसस्टॉपवर चक्कर येऊन पडल्या. बाटलीत माझं नसलेलं काहीतरी आहे."

फोटो तुमचा आहे, तुम्हीही अडकाल, असं मी त्यांना बजावलं.

"अडकेन. आधी बाटल्या उचला," ते म्हणाले.

औषध निरीक्षकांना घेऊन कारखान्यावर छापा घातला, पंचनामा केला, नमुने सीलबंद करून प्रयोगशाळेत पाठवले. व्यापारी दोन तास एकच सांगत होता, सब जडीबुटीच है साब. बोलता बोलता आपल्या आईलाही चरबी आणि साखर दोन्हींचा त्रास असल्याचं तो बोलून गेला. आईला याच कॅप्सूल देता का, मी विचारलं. त्याची मान खाली गेली.

"नै साब. अम्मा कू वैद्यजी का काढाच देतौं."

मग सगळं बाहेर आलं. गुण लवकर दिसावा म्हणून तो साखर उतरवणाऱ्या गोळ्यांची पूड मिसळत होता. अहवालातही तेच निघालं.

अहवालाची वाट पाहत वैद्य बसले नव्हते. सायकलवर पार विद्यानगरपर्यंत घरोघर जाऊन ते सांगत होते, कॅप्सूल थांबवा, डॉक्टरांना दाखवा. काहींनी त्यांच्या तोंडावर दार लावलं. कोर्टात उलटतपासणीत वकिलाने त्यांना भोंदू ठरवायचा प्रयत्न केला. त्यांनी जबाबातला एकही शब्द बदलला नाही. व्यापाऱ्याला शिक्षा झाली, शिक्षिका बऱ्या झाल्या. वैद्यांचा दवाखाना मात्र ओस पडला. त्याबद्दल ते माझ्याशी कधी बोलले नाहीत.

माणसं काय लपवतात, हे शोधण्यात माझी नोकरी गेली. त्या वैद्यांमुळे एक सवय लागली. जबाब घेताना, हा माणूस स्वतःच्या तोट्याचं काय सांगतोय, ते मी आधी ऐकू लागलो. खरं बहुतेक वेळा तिथेच सापडलं.