दुकान नसलेल्या वाटेवर

“भाऊजीनं दारू कुठं सोडली? ऑफिस नव्या रायपुरात गेलं, तिथं दुकानच नोहतं. भेटलीच नाही, म्हून सुटली.”

माझा मेहुणा हे प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात सांगतो आणि ऐकणारे हसतात. आजवर मी ते चालू दिले. आता देणार नाही. कारण त्याचा पस्तिशीतला मुलगा दारू सोडू पाहतो आहे, आणि बाप त्याला बजावतो की आधी बदली करून घे, इथे राहून जमायचे नाही.

मोह दुकानात राहतो अशी मेहुण्याची समजूत आहे. मला तो कांदा-लिंबाच्या शेंगदाण्यांत भेटला. साहेबांनी फाइल अंगावर फेकली त्या दुपारी भेटला. सोडल्यावरही कचेरी सुटण्याच्या सुमारास जीभ आपोआप कोरडी पडे. मी दाढेखाली लवंग धरून स्टाफ बसच्या खिडकीशी बसे. रुंद रस्ता, तुरळक मोटारी. मनाला दुसरा विरंगुळा म्हणून नाही.

हे ऐकून मेहुणा म्हणतो, “मनात येनं वेगळं, भाऊजी. हाती आली असती तं?”

प्रश्न रास्त आहे. उत्तर देतो.

महिन्यातून एकदा आमच्या कचेरीतली मंडळी संध्याकाळी एकाच्या क्वार्टरवर ‘बसत’. जवळपास दुकान नसल्याने बाटली सकाळीच जुन्या शहरातून बसने न्यावी लागे. ती पिणाऱ्याच्या स्वाधीन केली, तर संध्याकाळपर्यंत अर्धी होई. एकदा त्यावरून हातघाईची वेळ आली, आणि सगळे माझ्याकडे वळले.

“काका, आता तुम्हीच ठेवा.”

“काहून? मी दारुड्या म्हून, का साधू म्हून?”

“दोन्ही, काका. वाटाले हात दारुड्याचा पाहिजे, राखाले साधूचा.”

मी नकार देऊ शकलो असतो. दिला नाही, तो माझा ताठा. मेहुण्याच्या मुलाने त्या ताठ्याचे अनुकरण करू नये. पहिल्या दिवशी तळहातांना इतका घाम सुटला की पिशवीचे बंद ओले झाले, हेही लपवत नाही. पण वाटेत दुकान नव्हते म्हणून मी वाचलो, असे म्हणणाऱ्याने एवढे ऐकावे : निवृत्तीपर्यंत दर महिन्याची ती बाटली दिवसभर माझ्या पिशवीत, जेवणाच्या डब्याला टेकून असे, आणि संध्याकाळी मंडळींसमोर बाहेर काढली तेव्हा एकदाही तिचे सील तुटलेले निघाले नाही.