शेवंता आत्या आणि कूलरची घास

मेलेल्या बाईने माझ्या लेकीची फुफ्फुसं वाचवली.

हो, बरोबर वाचलंत. ती बाई म्हणजे माझी शेवंता आत्या, बाबांची धाकटी बहीण. तिला जाऊन आज वर्ष झालं, आणि आजच दुपारी डॉक्टरांनी मैत्रीच्या, म्हणजे माझ्या लेकीच्या, स्कॅनचा रिपोर्ट वाचून दाखवला. घरी येऊन लगेच लिहायला बसलेय, टायपिंगच्या चुका पोटात घाला.

सुरुवातीपासून सांगते.

जबलपूरजवळ खमरियाच्या फॅक्टरी क्वार्टरमध्ये आम्ही पाच जण आणि एक कूलर. आत्या तिथल्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत तपासणीच्या कामाला होती. लग्न केलं नाही, आमच्यासोबतच राहायची.

दर उन्हाळ्यात तिला खोकला लागायचा. संध्याकाळ झाली की कणकण, अंगदुखी, चार पावलं चालली की धाप. बाकी आम्ही चौघं ठणठणीत.

आणि आम्ही काय करायचो? आजारी माणूस म्हणून तिची खाट बरोबर कूलरच्या तोंडासमोर लावायचो.

प्रेमाने हो! घरातली सगळ्यात भारी जागा तिला.

ती रोज खाट ओढत अंगणात न्यायची.

"या कूलरच्या घासमध्ये काहीतरी सडून राहिलं, भाऊ. मले तेच खाऊन राहिलं."

"हवा सगळ्यायले एकच," बाबा म्हणायचे. "मंग तुलेच काहून होते?"

कूलरच्या जाळ्यांतली ती घास, म्हणजे पाण्याने भिजून हवा गार करणारं गवत, आम्ही दोन-दोन वर्षं बदलत नव्हतो. काळी पडायची, कुबट वास यायचा. कूलर म्हटला की वास येणारच, एवढंच आमचं विज्ञान.

एका मे महिन्यात ती मैत्रिणींसोबत आठ दिवस पचमढीला गेली. खोकला गायब! डोंगर चढून आली बाई. घरी परतली आणि दोन दिवसांत पुन्हा ताप.

बाबा हसले. "फिरायले बरी, घरी आली का बिमार."

मीही हसले. "आत्या, नाटक पुरे" हे वाक्य माझंच आहे. कॉलेजात होते, शहाणपणा ओसंडून वाहत होता. आज इथे सगळ्यांसमोर कबूल करते.

बाबांच्या त्या "तुलेच काहून"ला तिने एकदा चहा गाळता गाळता उत्तर दिलं.

"भाऊ, माझ्या टेबलावर एकाच लॉटचे नग येतात. माल एक, मशीन एक. टेस्टले लावले का एखादाच तडकते. मंग मी काय टेस्ट झूठी म्हणू?"

काय बोलली होती ती! आणि आम्ही चहा पिऊन मोकळे झालो.

पुढे कोणी दमा म्हणालं, कोणी टीबीची औषधं दिली, कोणी टेन्शन घेऊ नका म्हणालं. ती रिटायर झाल्यावर बाबा तिला नागपूरला फुफ्फुसांच्या एका डॉक्टरांकडे घेऊन गेले, मीही सोबत होते. त्यांचा पहिलाच प्रश्न, "घरात कूलर आहे का?"

आत्या खुर्चीतून उठलीच.

"डॉक्टर साहब, फिर से बोलिए. ज़रा ज़ोर से. ये मेरे भाई हैं."

डॉक्टर हसले, मग समजावून सांगितलं. ओल्या घासमध्ये बुरशी वाढते, तिचे बारीक कण सगळ्यांच्याच नाकात जातात. बहुतेकांचं शरीर दुर्लक्ष करतं. काहींचं शरीर मात्र त्यांच्याशी भांडत बसतं आणि त्यात फुफ्फुसं सुजतात. वर्षानुवर्षं सुजली की कडक होतात. असं का, ते पूर्ण सांगता येत नाही, पण ही प्रवृत्ती काही प्रमाणात रक्तातून येऊ शकते.

आत्याची तोवर कडक झाली होती. पूर्ण बरं होणं आता नव्हतं, हेही त्यांनी सांगितलं.

आणि या बाईने काय करावं? जबलपूरला उतरल्या उतरल्या तिथल्याच गोरखपूर भागातल्या बाजारात ऑटो थांबवून खोव्याची जलेबी घेतली. शेजारीपाजारी वाटली!

"बिमारीचं नाव भेटलं जी, तोंड गोड करा!"

त्या दिवसापासून आमच्या घरात कूलर नाही. आत्या पुढे सहा उन्हाळे जगली, शेवटचे दोन ऑक्सिजनवर, पण ताठ मानेने.

आता मैत्री. भोपाळला रूम घेऊन शिकते. एप्रिलपासून खोकला, संध्याकाळी ताप. तिथले डॉक्टर म्हणाले व्हायरल. चार दिवस घरी आली, एकदम बरी. परत गेली आणि फोन आला.

"मम्मी, वहाँ ठीक थी, यहाँ फिर बुखार. पार्टनर को कुछ नहीं होता, सेम रूम है. मैं पागल हूँ क्या?"

मला आत्याची पचमढी आठवली.

"बेटा, रूममध्ये कूलर आहे?"

"हाँ, पुराना वाला. बहुत स्मेल करता है."

"बॅग भर. आत्ताच्या आत्ता. मिळेल ती गाडी पकड."

तिने एकदाही "पण" म्हटलं नाही. आणि मी एकदाही "नाटक" म्हटलं नाही.

आज रिपोर्ट. हलकी सूज आहे, उतरतेय. कायमची इजा कुठेच नाही! डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "बहुत जल्दी पकड़ लिया आपने." मी क्लिनिकमध्येच टाळ्या वाजवल्या. मैत्री लाजून लाल झाली.

मग मॅडमनी विचारलं, "परिवार में पहले किसी को?"

मी तोंड उघडणार तोच बाबा उठून उभे राहिले. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, हट्टाने सोबत आले होते.

"मेरी बहन को था. वो बोलती रही, मैंने नहीं माना."

मॅडमनी मान हलवली आणि लिहू लागल्या.

"नाम लिखिए," बाबा म्हणाले.

"बाबूजी, नाम की ज़रूरत नहीं होती."

"लिखिए ना जी. शेवंता."

मॅडमनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि लिहिलं. बाबांनी चष्मा लावून ते वाचलं, मगच खाली बसले.

शेवंता आत्या, आमच्या सगळ्या घराचं तुला वंदन.

जय भीम.