पालथं वाडगं

भुताखेताचं मला काही सांगू नका, असं म्हणणाऱ्यांतली मी. आमच्या जाफराबादच्या गल्लीत कुणालाही विचारा… तीन वाटा मिळतात त्या तिकाटण्यावर ओवाळून टाकलेला नारळ मी उचलून आणून त्याची चटणी केलेली आहे, आणि घरातल्या सगळ्यांनी बोटं चाटून खाल्ल्यावरच तो नारळ कुठला ते सांगितलेलं आहे. सासूबाई आठ दिवस बोलल्या नव्हत्या. हे लिहिणारी बाई अशी आहे, एवढं ध्यानात ठेवा आणि मग पुढं वाचा.

आमचं फवारणी पंपांचं दुकान आहे. पंप, नोझल, बॅटऱ्या, बहुतेक माल चीनचा. गेल्या वर्षी तिकडच्या एका कारखान्यानं दुकानदारांना बोलावलं आणि ह्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, मलाही बरोबर नेलं. तीन दिवस कारखाना बघून झाला. उरलेले दोन दिवस समुद्रावर जायचं ठरलं. मी जन्मात समुद्र पाहिला नव्हता. उन्हाळ्यात टँकरमागं हंडे घेऊन पळणारी माणसं आम्ही!

झेजियांग प्रांतातलं ते जुनं मच्छीमार बंदर. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. डोंगराच्या उतारावर दगडी घरं, आणि वाऱ्यानं कौलं उडू नयेत म्हणून प्रत्येक छपरावर दगड ठेवलेले. आमच्याकडं पत्र्यावर ठेवतात ना, अगदी तसेच. ते बघूनच मला जरा घरच्यासारखं वाटलं. धक्क्याला लाकडी नावा होत्या, त्यांच्या तोंडाला दोन्ही बाजूंनी डोळे रंगवलेले. आम्ही उतरलो होतो ते घर धक्क्यापासून वीसेक पायऱ्या वर. घरात दोघंच माणसं… सत्तरीची एक आजी आणि तिचा चाळिशीचा मुलगा, आ-हाई. बोलणं सगळं फोनवरच्या भाषांतराच्या ॲपवर. ते चिनी बोलायचे, आम्हाला हिंदीत उमटायचं.

मी मासे खात नाही. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती, ती त्यांच्याच वाडग्यात घेऊन खाल्ली. ह्यांनी मात्र समोर आलं ते सगळं हाणलं. जेवण झाल्यावर दुसऱ्याच्या घरी उष्टं तसंच टाकून उठायची आपल्याला सवय नाही. आजी नको नको म्हणत असताना मी सगळी वाडगी घासली आणि निथळायला दगडी ओट्यावर पालथी घातली.

आजी आली आणि एक-एक वाडगं उचलून तिनं उताणं ठेवलं.

मला वाटलं, म्हातारीला दिसलं नसेल. मी पुन्हा पालथी घातली. तिनं हसत हसत पुन्हा सरळ केली आणि माझ्या हातावर हळूच थोपटलं. मी मनात म्हटलं, घ्या, इथंही सासूच भेटली! फोन हातातच होता, का असं करता म्हणून विचारायला एक मिनिट लागलं नसतं. पण मी विचारलं नाही. भांडी कशी ठेवायची हे आता मला चीनमध्ये येऊन शिकायचं का, असा माझा ताठा.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे आ-हाईबरोबर नावेत जायला निघाले. दहाच्या आत परत येणार होते.

"अहो, पोहता येतं का तुम्हाला? विहिरीच्या काठाला उभं राह्यलं तरी पाय कापतेत तुमचे," मी म्हटलं.

"अगं, ते जाकीट देऊन राह्यले ना. बिलकुल टेन्शन घेऊ नको. इतक्या लांब आलो अन् नावेत बसलो न्हाई तर दुकानात काय सांगू? जल्दी येतो."

पेज पिऊन दोघं गेले. निळ्या काठाच्या वाडग्यात ह्यांनी पेज प्यायली होती. थोड्या वेळानं आजीही बाजारात गेली. मी एकटीच. पुन्हा वाडगी घासली, सहा होती. आणि आता सांगायला लाज वाटते, पण म्हातारी बघत नाही म्हणून मुद्दाम सहाही पालथी घातली आणि पायऱ्यांवर ऊन खात बसले.

नऊच्या सुमाराला ऊन गेलं. समुद्राकडून धुकं आलं आणि धक्का दिसेनासा झाला. तेवढ्यात आजी धापा टाकत पायऱ्या चढून आली. आत गेली आणि तिच्या हातातली पिशवी खाली पडल्याचा आवाज झाला. मी पळत आत गेले. ती घाईघाईनं वाडगी सरळ करत होती. पाच झाली. सहावं, ते निळ्या काठाचं, उचललं जाईना.

मी म्हटलं, ओला ओटा आहे, चिकटलं असेल. घरी पातेलं नाही का चिकटून बसत! मी पुढं झाले आणि दोन्ही हातांनी ओढलं. हललं नाही. कडेला चमचा घालायला बघितलं, तर दगडात आणि वाडग्यात फटच नव्हती. आणि ते गार होतं… इतकं गार की हात ठेववेना.

आजीनं फोन काढला आणि बोलली. पडद्यावर हिंदीत आलं, "जिस घर का आदमी पानी पर है, उस घर में बर्तन उल्टा नहीं रखते। बर्तन उल्टा, नाव उल्टी।"

मी वाचलं. आतापर्यंत असल्या गोष्टींना हसत आलेली मी… त्या क्षणी मला एकच दिसत होतं, ह्यांचं ते विहिरीच्या काठावर पाय कापणं.

आजी ओट्यावर वाकली आणि वाडग्याच्या अगदी जवळ तोंड नेऊन मुलाला हाका मारायला लागली. "आ-हाई! आ-हाई!" मग माझा दंड धरून मला वाडग्याजवळ ओढलं आणि माझ्या तोंडाकडं बोट केलं. तूही तुझ्या माणसाला हाक मार.

लग्नाला एकोणीस वर्षं झाली. उखाण्याशिवाय मी ह्यांचं नाव कधी घेतलेलं नाही. "अहो" म्हणायचं नाहीतर "ऐकलं का". त्या वाडग्याला "अहो" म्हणून कसं चालेल? कुणाचे अहो? मी डोळे मिटले आणि असेल नसेल तेवढा जोर लावून ओरडले, "रामेश्वर!"

वाडगं माझ्या हातात आलं.

खालून पाणी निघालं. वाडग्यात मावेल त्याच्या कितीतरी पट. ओटाभर पसरलं, खाली आलं, माझी साडी घोट्यापर्यंत भिजली. मी बोट लावून जिभेवर ठेवलं. खारट होतं.

अकराला धुक्यातून नाव आली. दोघंही नखशिखांत भिजलेले. आ-हाई आईच्या पायाशी बसला आणि रडला. हे तर ओळखू येत नव्हते, ओठ काळेनिळे, दातावर दात वाजत होते. घोंगडीत गुंडाळून गरम पाणी पाजलं, तेव्हा कुठं बोलले.

"लाट दिसलीच न्हाई. धुक्यात एकदम नाव पालथी झाली. जाकिटाचा पट्टा तुटला अन् मी खाली खाली गेल्तो. मंग तू हाक मारली."

मी म्हटलं, "ऐकू आली तुम्हाला?"

"आली ना. नाव घेतलं तू माझं. तीनदा."

मी घोंगडी त्यांच्या गळ्यापर्यंत ओढली.

"पहिल्या दोन हाका खालून आल्त्या," हे म्हणाले. "पार तळातून. आवाज बराबर तुझाच. म्हणून म्या तिकडंच निघाल्तो. मंग तिसरी वरून आली, एकदम जोरात. तवा वर बघितलं, तर नाव सरळ होऊन राह्यली व्हती, आपोआप."

मी हाक एकदाच मारली होती.

हे मी त्यांना तिथं सांगितलं नाही. विमानात नाही, मुंबईत नाही, घरी येऊन महिना झाला तरी नाही. वाडगं ओट्याला चिकटलं त्याला काहीतरी शास्त्र असेल. ते पाणी कदाचित धुण्याच्या नळाचं असेल, भीतीनं मला खारट लागलं असेल. बुडणाऱ्या माणसाला भास होतात म्हणे. डॉक्टर असलेल्या भाच्याला विचारलं, तोही हेच म्हणाला. पण त्या एका हाकेआधी ह्यांचं नाव माझ्या तोंडून चीनमध्ये कुणी ऐकलेलं नव्हतं. माझा आवाज काढून, ते नाव घेऊन, खालून दोनदा कोण बोलावत होतं?

आमच्या घरात आता एकही भांडं पालथं नसतं. जाफराबादची धूळ तुम्हाला माहीत आहे, रोज सकाळी पुन्हा सगळं धुवावं लागतं. सासूबाई चिडतात, पण मी ऐकत नाही. आणि शेवटी एके दिवशी ह्यांना समोर बसवून सगळं खरं सांगितलं. म्हटलं, "अहो, ध्यानात ठेवा. म्या आता जन्मात तुमचं नाव घेणार न्हाई. माझ्या आवाजात कुणी नावानं बोलावलं, तर ती मी न्हाई. ओ देऊ नका." हे हसले नाहीत. मान हलवली.

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. मला स्वतःलाच याचा उलगडा झालेला नाही, तुम्हाला काय सांगू? पण इतके दिवस गप्प होते आणि आज लिहायला बसले, त्याला कारण आहे.

परवा दुपारी हे जेवत होते. अर्धी भाकरी ताटात असताना एकदम मान वळवून त्यांनी मागच्या दाराकडं पाहिलं. मागं आमचा पाण्याचा हौद आहे. हात तसाच खरकटा, उठले आणि त्या दाराकडं निघाले.

"आलो, आलो," म्हणाले.

मी त्यांच्या समोरच जेवायला बसले होते. माझ्या तोंडात घास होता.