बाद केलेल्या दोन नोंदी

आमच्या गल्लीत सतरा घरं आहेत. नऊ स्लॅबची, सात पत्र्याची आणि एक जुनं धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छपराचं. ही मोजदाद मी काही वर्षांपूर्वीच्या एका एप्रिलमध्ये केली. सात पत्र्यांपैकी एका घरात आता कुणी राहत नाही. पण गल्लीतून जाताना मी ते मोजल्याशिवाय पुढे जात नाही. त्या ओट्यापाशी आलो की कानात आवाज येतो, "या भाऊ." मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. आवाज येतो एवढंच सांगतो.

त्या वर्षी महापालिकेने आणि विद्यापीठाने मिळून एक काम काढलं होतं. जळगावचं ऊन सगळ्यांनाच सोसावं लागतं, पण कुठल्या छपराखाली ते किती उतरतं हे आमच्या भागात कुणी मोजलेलं नव्हतं. समाजमंदिरात बैठक झाली. विद्यापीठातून एक प्राध्यापक बाई आल्या होत्या. त्यांनी समजावून सांगितलं, की प्रत्येक गल्लीतल्या एकाने पाच घरांमध्ये रोज दुपारी अडीच वाजता तापमापक बघायचा आणि आकडा तक्त्यात लिहायचा. जी छपरं सगळ्यात जास्त तापतील त्यांना पालिका आधी पांढरा चुना मारून देईल.

मागून कुणी तरी म्हणालं, "बाई, मोजायचं काय त्यात? मे महिन्यात आमच्याकडे मुक्कामाला या!"

सगळे हसले, बाईही हसल्या. मी हात वर केला. मी गणित शिकवतो. शाळा तेव्हा सकाळची होती, दुपार मोकळी होती. आणि खरं सांगायचं तर, पालिकेसमोर हातात आकडा असेल तरच पत्र्याच्या घरांचं काही होईल, असं मला मनापासून वाटत होतं.

पाच घरांपैकी एक अक्कांचं. एक खोली, वर उघडा पत्रा, पुढे ओटा. अक्का सत्तरीच्या पुढच्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलती मुलगी भडगावला दिलेली. माहेर आणि सासर दोन्ही गिरणाकाठचं, त्यामुळे शहरात आयुष्य गेलं तरी बोलणं अहिराणीच. मी गेलो की त्या दारातच बसलेल्या असायच्या. "या भाऊ. देखा, आज किती ताप शे माले?" असं तापमापकाकडे बोट करून विचारायच्या. मी आकडा सांगायचो. त्रेचाळीस. साडेत्रेचाळीस. त्या कपाळावर हात मारून हसायच्या आणि माठातलं पाणी पुढे करायच्या. मी तक्ता भरून पुढच्या घरी जायचो. तिथे तीन मिनिटांपेक्षा जास्त कधी थांबलो नाही.

मेच्या मध्यावर त्यांच्या घरातला आकडा एकदम उतरला. साडेचाळीस. दुसऱ्या दिवशी चाळीस. बाकीच्या चारही घरांत मात्र चढतच होता. तापमापक बिघडला म्हणून मी तो काढून तपासला, तर ठीक होता. मग बाहेर येऊन वर बघितलं. पत्र्यावर पऱ्हाटी पसरलेली होती. कापूस वेचून झाल्यावर शेतात उरतात त्या वाळक्या काड्या. त्यांच्यावर ओली पोती. समोरच्या रिक्षावाल्याने गावाकडून भारे आणून चढवले होते.

"अक्का, हे काय केलं?"

"काय व्हयनं भाऊ? गार लागस."

"गार लागतं म्हणूनच विचारतोय. तक्त्यावर लिहिलंय, नोंदीच्या काळात घरात बदल करू नये. उघड्या पत्र्याचा आकडा हवाय त्यांना."

अक्का समोर दारात उभ्या असलेल्या रिक्षावाल्याकडे वळून म्हणाल्या, "देख रे! याना विद्यापीठले भरीत खावानं शे. माले वांगासारखं भुंजी ऱ्हायनात."

रिक्षावाला म्हणाला, "सर, राहू द्या ना. कोण बघायला येतंय?"

हे वाक्य मला टोचलं. बघायला कुणी येणार नाही म्हणून चुकीचा आकडा लिहायचा, हे मी कधी केलेलं नाही. मी अक्कांना समजावलं की पंधराच दिवस राहिलेत, नंतर हवं ते घाला, आणि आकडा कमी दिसला तर चुन्याच्या यादीत तुमचं घर मागे पडेल. त्यांनी ऐकून घेतलं. "बरं, काढ रे," म्हणाल्या. रिक्षावाला तोंड फिरवून आपल्या घरात गेला. मग मीच शिडी लावून वर चढलो आणि पऱ्हाटी खाली ढकलली. पत्र्याची उघडी कड इतकी तापलेली होती की तळहाताला फोड आला. त्या दोन दिवसांच्या आकड्यांवर मी आडवी रेघ मारली आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'आच्छादन काढले. दोन नोंदी बाद.'

आकडा परत चढला. सहाव्या दिवशी अक्का भिंतीला टेकून बसल्या होत्या. ताप किती हे त्यांनी विचारलं नाही. चव्वेचाळीस होता. "पाणी पीत जा," असं म्हणून मी निघालो. नवव्या दिवशी दार बंद होतं. शेजारणीने सांगितलं की सकाळी चक्कर येऊन पडल्या, मुलगी येऊन भडगावला घेऊन गेली.

मी विद्यापीठात फोन लावला आणि विचारलं, "एक घर बंद आहे, रकान्यात काय लिहू?" पलीकडून सांगितलं, मोकळा ठेवा. अक्का पडल्या हे ऐकल्यावर मी पहिली गोष्ट केली ती ही. बऱ्याच गोष्टी विसरायला झाल्या, पण हा फोन मला शब्दान्‌शब्द आठवतो.

मृग लागायच्या आधी त्या गेल्या. डॉक्टरांनी वय आणि अशक्तपणा सांगितला. उन्हाचं नाव कुणी घेतलं नाही, माझं तर नाहीच.

दिवाळीनंतर समाजमंदिरात पुन्हा बैठक झाली. पडद्यावर आमच्या गल्लीचा आलेख दाखवला. पालिकेच्या साहेबांनी पत्र्याच्या सगळ्या घरांना चुना मंजूर केल्याचं सांगितलं. पुढे तो खरोखर मारलाही, त्या बंद घरालासुद्धा. प्राध्यापक बाईंनी माझा तक्ता उचलून दाखवला, "एवढा काटेकोर तक्ता दुसऱ्या कुणाचा नाही." टाळ्या झाल्या. लोक चहाला उठल्यावर मी त्यांच्याजवळ गेलो आणि पऱ्हाटीचं सगळं सांगितलं.

बाईंनी हातातला कप खाली ठेवला. तक्ता पुढे ओढून त्यांनी त्या दोन रेघांवर बोट ठेवलं.

"सर, बदल करू नये म्हणजे आमच्यासाठी म्हणून काही बदलू नये. माणसं त्यांची ती गारव्यासाठी जे करतात ते तर आम्हाला हवंच होतं. एवढा फरक दुसऱ्या कुठल्याच घरात मिळाला नाही." मग हळूच म्हणाल्या, "सूचना आम्ही नीट लिहायला हवी होती."

त्या दोष स्वतःकडे घेत होत्या. मला तो घेऊ देता आला नाही. सूचना कळली नव्हती तर विचारायला फोन होता. बंद दारासाठी तो मी लावलाच होता.

पुढच्या रविवारी मी एसटीने भडगावला गेलो. अक्कांच्या मुलीने ओळखलं, बसायला चटई टाकली. मी शिडी लावण्यापासून सगळं सांगितलं. एकही आकडा गाळला नाही. ती चुलीजवळ बसून ऐकत होती.

"माले माहीत शे," ती म्हणाली. "मायनी सांगं व्हतं. पऱ्हाटीनं काय एवढं धरी बसनात भाऊ? माय दुपारले त्या खोलीमा कधी ऱ्हायेच नही. बारा वाजनात का मारुतीना मंदिरमा जाये, पार चार वाजालोंग. तठे फरशी गार ऱ्हास. तुम्ही येवाले लागनात, तशी जाणं बंद करं तिनी. म्हने, भाऊ उनमा चालीसन येस, दार बंद दिसाले नको."

तापमापक भिंतीवर होता. तो वाचायला घरात कुणी असण्याची गरज नव्हती. मी तसं म्हणालो, की किल्ली माझ्याकडे असती तरी चाललं असतं.

"मायनी दिधी असती," ती म्हणाली. "तुम्ही मांगीच नही."

हे ती रागाने म्हणाली नाही. कपात चहा ओतता ओतता म्हणाली, आणि साखर कमी तर नाही ना, असं विचारलं. मी म्हणालो, बरोबर आहे.