मेलेल्या पोरीची दुसरी नळी

सरांनी काचेच्या स्लाइडचा ट्रे उचलला आणि माझ्या तोंडावर हाणला. भुवई फाटली. डोळ्यात रक्त उतरलं. प्रयोगशाळेत सगळे होते. कुणी हललं नाही.

मी फक्त विचारलं होतं, "सर, आपल्या रिसर्च पेपरमध्ये माझं नाव येईल का?"

"रक्त ओढणाऱ्याचं नाव? उद्या झाडूवालीही मागेल." मग हसले. "तसंही रक्त तुमच्याच लोकांचं आहे ना? आलंच की मग तुझं नाव."

दोघं-तिघंही हसले. मी खाली बसून काचा वेचल्या.

नागपुरातल्या एका संस्थेत मी तंत्रज्ञ होतो. सर सिकलसेलवर संशोधन करायचे. रक्ताचा आजार. दुखणं उठलं की लेकरं हाडं फोडल्यासारखी किंचाळतात. आमच्या वस्त्यांमध्ये घरोघरी ते ऐकू येतं. दर सोमवारी सर फळ्यावर लाल मार्करनं आकडा लिहायचे. जगातल्या किती जणांनी त्यांच्या पेपरांचा दाखला दिला, म्हणजे सायटेशन किती झाली, तो आकडा. आकडा वाढला की टाळ्या. भुवईला टाके असताना मीही वाजवल्या.

इथपर्यंत माझा अपमान आहे. पुढचा गुन्हा आहे, आणि तो माझा आहे.

सरांनी एका नव्या गोळीची चाचणी काढली. गोळीआधी रक्ताची एक नळी, सहा महिन्यांनी दुसरी. कामठीच्या वस्तीत सरांना कुणी उभं केलं नसतं. मी दारात जयभीम म्हटलं की दार उघडायचं. आपला माणूस आहे, म्हणून बाया लेकरांचे हात पुढे करायच्या.

त्यातली एक पोरगी चौथ्या महिन्यात मेली. नऊ वर्षांची होती. बाप पॉवरलूमवर, आई घरी. मी सरांना सांगितलं. ते मान वर न करता म्हणाले, "मेली असं लिहिलं तर पेपर मेला. तिला बहीण आहे ना?"

मी गेलो. धाकटीला आजार नव्हता. आईला म्हटलं, "हिलेही आहे का, पाहून घेऊ." त्या बाईनं रडत रडत पोरीची बाही वर केली. मी सुई घातली. नळीवर मेलेल्या पोरीचा नंबर लिहिला.

पेपरात तिचं हिमोग्लोबिन वाढलं. सरांच्या सगळ्या पेपरांमध्ये तोच सर्वांत जास्त गाजला. गोळी गावोगावच्या लेकरांच्या पोटात गेली. ती पोरगी त्या गोळीनं मेली की आजारानं, हे कुणी शोधलंच नाही. शोधायला ती कागदावर मेलेली कुठे होती?

मी निवृत्त झालो. मनीषनगरात फ्लॅट घेतला. गप्प राहिलो.

यंदा गोठवलेल्या जुन्या नळ्या नव्या तपासणीसाठी दिल्लीला गेल्या. एका डॉक्टरबाईंनी जनुकं तपासली. एकाच रुग्णाच्या दोन नळ्या, आणि रक्त दोन माणसांचं. त्यांनी पेपर छापणाऱ्यांना कळवलं.

आठ दिवसांत सर माझ्या दारात. काठी टेकत. खिशात टाइप केलेलं पत्र: नळ्यांची अदलाबदल माझ्या हातून चुकून झाली.

"सही कर. आता येईल बघ तुझं नाव छापून."

मी हललो नाही. त्यांनी माझं मनगट पकडून बोटांत पेन कोंबलं. म्हातारपणीही तीच पकड. तोच हक्क.

माझ्या डोक्यात काहीतरी फुटलं. मी त्यांची कॉलर धरली आणि त्यांना भिंतीवर आदळलं. चष्मा पडला. तो पायाखाली घेऊन रगडला. दोन म्हातारे, धापा टाकत.

"चूक नव्हती ती," मी म्हटलं. "तुम्ही सांगितलं. मी केलं. तसंच छापून येईल. उतरा जिना."

दुसऱ्या दिवशी ऑटोनं कामठी गाठली. पोरीची आई अजून त्याच घरात. मी सगळं सांगितलं. तिनं पायातली चप्पल काढली आणि मारत सुटली. तोंडावर, कानावर, टकलावर. मी हात वर केला नाही.

"माही पोरगी मातीत होती! अन् तू तिले कागदावर जिती ठेवली! एवढे वर्स तोंड शिवलं होतं काय? आता काहून सांगून राहिला गा?"

मी रडायला लागलो.

धाकटी आता नर्स आहे. तिनं आईला आवरलं नाही. आईचा हात थकल्यावर मला म्हणाली, "काका, रडू नका. रडायचा हक्क तुमचा नाही. लिहा. त्या नळीशी जुळवायला मी माझं रक्त देते."

पेपर छापणाऱ्यांना लिहिलं. पोरीचं नाव, मरणाचा महिना, कुणी सांगितलं, कुणी सुई घातली. आरोपी म्हणून माझं नाव पहिलं टाकलं. सरांच्या वकिलानं फोनवर पेन्शनची धमकी दिली. मी त्याला माझा पत्ता नीट लिहून घ्यायला लावला.

संस्थेत चौकशी पुढच्या आठवड्यात आहे. मी जाणार. खुर्ची दिली तर बसून सांगेन, नाही दिली तर उभ्यानं. तुरुंग झाला तर जाईन. पण ती पोरगी मेली, हे त्या पेपरावर छापून आल्याशिवाय मी मरणार नाही.