शेवटचे चार टक्के

उलव्यातल्या आमच्या सोसायटीत खालच्या मजल्यावर राहणारे काका मूळचे इथलेच. त्यांचं गाव विमानतळात गेलं. त्यांची आई गावच्या लग्नांत धवले गायची. तिचं रेकॉर्डिंग त्यांना टॉरेंटवर, म्हणजे लोक एकमेकांच्या कॉम्प्युटरवरून फायली घेतात तिथे, सापडलं, पण डाउनलोड शहाण्णव टक्क्यांवर अडकलं. काकांनी आठवडाभर वायफायचा डबा बंद-चालू करून पाहिला, मग मला बोलावलं. कॉम्प्युटरपुढे ते चपला काढूनच बसत.

"बिघाड नाही, काका. ज्याच्याकडे पूर्ण फाइल आहे त्याने त्याचं मशीन चालू ठेवलं, तरच उरलेलं येईल."

अठरा दिवस ते वाट बघत बसले. फाइल पूर्ण आली, तसा मी कॉम्प्युटर बंद करायला हात पुढे केला. त्यांनी माझं मनगट धरलं.

"ऱ्हाऊ दे. गाव पांगलाय. आजून कुनाचा तरी आडकला आसंल."