गोमा शिपायाचा पाय आणि कचेरीच्या माना

विषय : मानदुखीची कारणे व त्यावरील इलाज.
संदर्भ : आमची तालुका कचेरी, रेवदंड्याच्या बाजूची. नाव मुद्दाम दिलेले नाही.
सबब, खालील मजकूर सादर.

सवय जात नाही, काय करणार! सारा जन्म कारकुनीत गेला. कचेरीत कागद निकालात निघतात, माणसं बदलून जातात, पण किस्सा कुठल्याच दप्तरात बसत नाही. तो कारकुनाच्या डोक्यात साठत राहतो. डोकं जड झालं की मान दुखते. हे माझं निदान. इतरांची निराळी होती, आणि ती ऐकून माझाही गोंधळ उडालेला आहे.

*

आमचे अव्वल कारकून भाऊसाहेब. दिवसभर मांडी घालून, उतरत्या डेस्कवर वाकून टाक चालवायचे. मान कायम धरलेली. सरकारी डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "खाली बघून लिहिता, म्हणून दुखते. नजर समोर ठेवा."

भाऊसाहेबांनी आजवर कुठलाच हुकूम मोडला नव्हता. दुसऱ्या दिवशी ते समोरच्या भिंतीकडे बघत एका अर्जावर शेरा लिहायला बसले. टाक कागदावरून डेस्कवर आला आणि डेस्कवरून खाली उतरला. थोड्या वेळाने मामलेदार, म्हणजे आमचे रावसाहेब, अर्ज उलटसुलट करून म्हणाले, "भाऊसाहेब, यावर शेरा कुठे आहे?"

भाऊसाहेब उठून उभे राहिले. "धोतरावर आहे, रावसाहेब. सादर करू?"

*

कचेरीवरून एक कोळीण रोज डोईवर मासळीने भरलेली पाटी घेऊन बाजाराला जायची. मान अशी, की ओळंबा लावून बघावा! भाऊसाहेबांनी तिला एकदा थांबवलं.

"काय गं, एवढं ओझं वाहतेस, तुझी मान दुखत नाही?"

"दुखत बसली तं मावरा कोन इकल? तुमी?"

यावरून भाऊसाहेबांनी असा निष्कर्ष काढला, की मानेला ओझं मानवतं. दुसऱ्या दिवशी ते घरून डोक्यावर दप्तराचं गाठोडं घेऊनच आले. रावसाहेब पायरीवर उभे होते. त्यांनी आस्थेने विचारलं, "घर बदलताय का?"

*

त्याच सुमारास अमेरिकेहून परतलेला एक तरुण डॉक्टर हवापालटासाठी आमच्या गावात राहायला आला. औषध देत नसे. सगळे रोग मणक्यात असतात, मणका जागेवर बसवला की रोगी बरा, असं त्याचं शास्त्र. भाऊसाहेब त्याच्याकडे गेले. सोबतीला मी.

त्याने भाऊसाहेबांना बाकावर निजवलं, हनुवटी धरली आणि मान झटकन फिरवली. कट्ट!

"काय मोडलं?" भाऊसाहेबांनी बाकाला मिठी मारून विचारलं.

"काही नाही. सांध्यातली हवा सुटली."

भाऊसाहेब विचारात पडले. वाटेत म्हणाले, "सुटली म्हणतो, पण गेली कुठे?" संध्याकाळी कमरेत दुखायला लागलं, तेव्हा त्यांना पत्ता लागला.

तरी ते पुन्हा गेले. मानेचं दुखणं मानेतच बरं, कंबर नको, एवढी दुरुस्ती त्यांना हवी होती. या खेपेला डॉक्टर वाकला, त्याने जोर लावला आणि तसाच राहिला. त्याच्याच पाठीत उसण भरली! सरळ होता येईना. भाऊसाहेब बाकावरून उठले, त्याला हाताला धरून कचेरीत घेऊन आले आणि त्यांनी हाक मारली, "गोमा!"

*

आता गोमाविषयी. गोमा आमचा शिपाई, जातीने कोळी, जन्माने पायाळू. म्हणजे आईच्या पोटातून डोक्याऐवजी पाय आधी बाहेर आलेला. पायाळू माणसाने पाठीत लाथ मारली की उसण उतरते, लचकलेली मान सुटते, हे आमच्याकडे पोरासोरांनाही ठाऊक असतं. गोमा आधी रोग्याच्या पाया पडायचा, मग लाथ मारायचा, मग पुन्हा पाया पडायचा.

डॉक्टर लाथ खाऊन सरळ झाला. अचंब्याने म्हणाला, "अमेरिकेत याला कॉलेज लागतं! तू कुठे शिकलास?"

"आयच्या पोटात, सायेब."

*

गोमाचं दुखणं वेगळंच होतं. तो हंगामी शिपाई होता. कायम करावं म्हणून त्याचा अर्ज होता, आणि त्यावर रावसाहेबांनी शिफारस करायची होती. नोकरी गेली तर भावाच्या मचव्यावर मासे धरायला जाण्यावाचून गत्यंतर नव्हतं, आणि कोळ्याच्या पोटी जन्मून गोमाला दर्या लागत असे! बंदरातच ओकाऱ्या. भाऊ म्हणायचा, "ह्याला जाल्यात घालून न्या, म्हंजे मासली तरी हसल."

रावसाहेब सुधारक. डॉक्टरचा प्रकार कानावर जाताच त्यांनी तोंडी हुकूम काढला, "सरकारी शिपायाने सरकारी वेळात कोणासही लाथ मारू नये." गोमाने पाय आवरला. महिन्याभरात निम्मी कचेरी वाकडी झाली.

आणि मग रेवदंड्याहून मचव्याने येताना खुद्द रावसाहेबांची मान धरली. डावीकडे वळली, ती वळलेलीच! दुसऱ्या दिवशी प्रांतसाहेबांची तपासणी होती. रावसाहेब दिवसभर सगळे हुकूम खिडकीला देत राहिले. शेवटी त्यांनी दार लावून घेतलं. आत ते, भाऊसाहेब, मी आणि गोमा.

"गोमा, मार," रावसाहेब खिडकीला म्हणाले.

"मारतो, पन लेखी द्या."

"गाढवा! काय लिहू? मामलेदाराला लाथ मारावी?"

"उद्या कोनी बोलला, गोम्याने मामलेदाराला लाथ घातली, तं माजी नोकरी गेली, सायेब. मना दर्या सोसत नाय."

रावसाहेबांना असा हुकूम लिहून देता येईना, मान हलेना. तोडगा भाऊसाहेबांनी काढला. गोमाने भिंतीकडे तोंड करून एक पाय मागे उचलून धरावा. पाय उचलायला कुठल्याच नियमाची आडकाठी नाही. मग रावसाहेब पाठमोरे चालत आले आणि त्या पायावर जोरात आपटले. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा मान सुटली!

रावसाहेबांनी मान उजवीकडे वळवून पाहिली, डावीकडे वळवून पाहिली, आणि आम्हाला बजावलं, "गोमाने लाथ मारलेली नाही. मी मागे सरलो."

*

त्याच दिवशी गोमाच्या अर्जावर शिफारस झाली : 'या इसमाने विशेष सेवा बजावली आहे.' गोमाने पेढे वाटले. अर्ज प्रांत कचेरीतून परत आला. शेरा होता : 'विशेष सेवेचे स्वरूप स्पष्ट करावे.'

मसुदे सुरू झाले. भाऊसाहेबांनी लिहिलं, 'वरिष्ठांस पाठीमागून साहाय्य.' रावसाहेबांनी खोडलं. मी लिहिलं, 'आरोग्यविषयक पदस्पर्श.' तेही खोडलं. गोमा दाराशी उभा राहून विचारायचा, "जमला काय?" पुढे रावसाहेब बदलून गेले. नव्या मामलेदारांचीही मान धरली, सुटली, शिफारस झाली, आणि तोच शेरा घेऊन अर्ज परत आला.

*

एकदा प्रांतसाहेब, गोरेच ते, फिरतीवर आले आणि सकाळी बंगल्यातून निरोप आला, "साहेबांची मान हलत नाही. कचेरीत तो जो कोण शिपाई आहे, त्याला पाठवा."

बंगल्याचं दार लागलं. आम्ही सगळे व्हरांड्यात, दाराला कान लावून. आत धप्प आवाज झाला. मग साहेब बाहेर आले, नारळाच्या शेंड्याकडे बघून त्यांनी मान मागे टाकली, गोल फिरवली, आणि ते हसले. मागून गोमा आला.

"काय झालं रे?"

"मारली. सायेब 'थँक्यू' बोलला. माजा नाव इचारला. बोलला, अर्ज पाठव, मी सोता बगतो."

भाऊसाहेबांनी अर्ज त्याच दिवशी माणसाबरोबर रवाना केला. गोमाच्या घरी नारळ फुटला.

चौथ्या दिवशी अर्ज परत आला. खाली प्रांतसाहेबांची स्वतःची सही होती, आणि सहीच्या वर त्यांच्याच हातचा शेरा : 'विशेष सेवेचे स्वरूप स्पष्ट करावे.'

गोमा हंगामी आहे. अर्ज प्रलंबित आहे.